पारा खोटं बोलत नाही

मित्रांनो, मी एक जुनं, रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र आहे. शांतपणे सांगायला मला जमणार नाही. माझा पारा चढलाय.

शिंदखेड्याचे देवचंद आबा कंपाउंडर. तीस वर्षं त्यांनी मला लेकरासारखं पुसलं. निवृत्त झाल्यावर घरी आणलं, सुनेला, शिल्पाला, रक्तदाब मोजायला शिकवलं आणि वर्षभरात ते गेले. मागे राहिलो मी आणि त्यांच्या पत्नी केसरबाई.

केसरबाई रोज चार गोळ्या घेत. तरी आकडा एकशेनव्वदच्या खाली उतरेना. मग त्यांचा मुलगा राकेश माझ्या डब्यावर थपडा मारी. "भंगार आहे हे, खोटं दाखवतं." धुळ्याच्या डॉक्टरांच्या नव्या यंत्रानेही तोच आकडा दाखवला, तेव्हा त्याचा हात थांबला. पण माझी माफी? छे.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांना दाद देत नाही. मांडीतून बारीक नळी घालून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीभोवतीच्या, रक्तदाब चढवणाऱ्या नसा शेकाव्या लागतील. त्याआधी पंधरा दिवस आकडे आणि खाणं लिहून आणा."

"मांडीमा नळी? नको वं माय," केसरबाई हादरल्या. राकेश म्हणाला, "करून टाकू, सुटेल एकदाचं."

शिल्पा मात्र, कडेवर तान्ही मयुरी घेऊन, सासूच्या ताटावर डोळा ठेवून बसली. जेवणात दोन भाजलेले पापड. दुपारी पापडाच्या कच्च्या पिठाच्या तेलात बुडवलेल्या लाट्या.

"आई, पापडात मीठ असतं ना?"

"मीठ कोठे शे त्यामा? डाक्टरनी मीठ बंद सांगं, मी बंद करं. खार शे तो. चव येवाले मी दुप्पट टाका."

रसायनशास्त्र शिकलेल्या शिल्पाने कपाळावर हात मारला. "आई, मीठ आणि पापडखार सख्खे भाऊ आहेत. दोघांत सोडियमच."

इतके दिवस मी ओरडत होतो आणि घरातलं माणूस मलाच बडवत होतं!

पापड बंद झाले. गोळ्या त्याच. महिन्याने आकडा एकशेअठ्ठेचाळीस. डॉक्टर म्हणाले, "नळी तूर्त नको. हे सगळं करूनही ज्यांचा उतरत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून सांगणाऱ्याला मारू नका. आधी तो का चढला ते घरात शोधा.

परवा सवयीने राकेशचा हात पुन्हा माझ्यावर उठला. केसरबाईंनी तो वरच्या वर धरला.

"तुना बापनी वस्तू शे ती. खरं सांगस."

मग त्यांनी पदराने माझा डबा पुसला. आबा पुसायचे, तसाच.