दीड मिलिमीटर

दुर्बीण अवकाशात गेली की लोक आरशाचं कौतुक करतात. आरसा ज्यांच्यावर उभा असतो त्या पायांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ते पाय मी आखते. ऑफिसात मला तिपाई म्हणतात. आधी राग यायचा, आता हाक आली की मुकाट ओ देते.

पाय म्हणजे आरशाच्या कडेला चिकटवलेल्या धातूच्या तीन पट्ट्या. उड्डाणाच्या हादऱ्यांत तुटणार नाहीत इतक्या त्या दणकट हव्यात. शिवाय वरच्या थंडीत धातू आणि काच कमीजास्त आकसली, तर निमूट वाकतील इतक्या लवचीकही हव्यात. हिशेबाने जाडी आली होती एक पूर्णांक दोन मिलिमीटर. मी दीड काढली.

कारण आरसा मामाचा होता. आमच्याकडे हाताने काच घासणारा तो शेवटचा कारागीर. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, या कामाला लावलं. निवृत्ती लांबवून त्याने हा आरसा चौदा महिने घासला. तो हादऱ्यांत तडकला तर, या विचाराने माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणून तीन दशांश वाढवले आणि कुणाला सांगितलं नाही. तपासणाऱ्यांनी सह्या ठोकल्या. पट्टी पातळ दिसली तर दहाजण धावून येतात. जाड असली तर कुणी चकार शब्द काढत नाही.

हादऱ्यांची चाचणी आरशाने सहज पार केली. मग त्याला थंड टाकीत ठेवलं. चौथ्या दिवशी आरशावरून परतलेल्या दिव्याच्या उजेडाचा पडद्यावर गोल ठिपका उमटायला हवा होता. तो तिकोनी उमटला.

दुपारी बैठक बसली. "थंडीत काचेने दगा दिला," प्रमुख म्हणाले. "घासताना कुठेतरी कमीजास्त झालं असणार."

मामा मागच्या खुर्चीत होता. तो आपले तळहात उलटसुलट करून बघत राहिला.

"वय झालं, साहेब," तो म्हणाला. "हात गेले असतील माझे."

मला ठिपका बघताक्षणीच कळलं होतं. तीन कोपरे, तीन पाय. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं. पण मामा उरलेलं आयुष्य त्या हातांकडे असंच बघत बसला असता.

"काच ठीक आहे," मी म्हणाले. "पट्ट्या जाड आहेत. थंडीत त्या वाकल्याच नाहीत, त्यांनी काच दाबली. हिशेब एक पूर्णांक दोनचा होता. दीड मी केले."

प्रमुखांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. काढायलाच हवी होती. जुने पाय सोडवून नवे चिकटवायला चार महिने लागणार होते, आणि आरसा उड्डाणासाठी सोपवायला हाताशी सहाच आठवडे होते. दुसऱ्या कार्यशाळेतला, अजून पाय न लावलेला राखीव आरसा पाठवायचं ठरलं. मामाचा जमिनीवरच राहणार.

बाहेर जिन्यापाशी तो थांबला होता.

"म्हणजे हात गेले नाहीत?"

"नाही रे, मामा."

त्याचा चेहरा क्षणभर खुलला. मग म्हणाला, "का वाढवलंस?"

"तुझा आरसा तुटला असता तर मला सोसलं नसतं."

"चौदा महिने, पोरी," तो म्हणाला. मला रडू फुटलं. नेहमी माझ्या डोक्यावर हात ठेवणारा मामा कठड्याला धरून नुसता उभा राहिला. तो रागावला होता आणि मी काही त्याची समजूत घालू शकत नव्हते.

मग कठडा सोडून त्याने विचारलं, "त्या राखीव आरशाचे पाय कोण आखणार?"

"मीच. साहेब म्हणाले, आता तूच निस्तर."

"मग चल."

तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला. मी नवं रेखाचित्र उघडलं आणि जाडीच्या रकान्यात एक पूर्णांक दोन भरलं. त्याने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला.

"एवढंच राहू दे," तो म्हणाला. "आणि हा आरसा कुणी घासलाय, ते विचारायला जाऊ नकोस."