जेवणाच्या तोंडावर

लेक देशोदेशींच्या संघटनेत अधिकारी होती. खेळण्यांच्या रंगात शिसं नको, हा नियम तिनेच लिहिला होता. पण मंत्री दर बैठकीत फाटे फोडून तो पुढे ढकलत.

"कुठला विषय कधी घ्यायचा, कोण ठरवतं गं?" आईने फोनवर विचारलं.

"आम्हीच."

"मग रडतेस कशाला? तुझ्या बापाकडून मी होकार कधी घ्यायची? ताट वाढायच्या आधी! भरल्या पोटी माणसाला वाद सुचतात."

लेकीने विषय जेवणाच्या तोंडावर ठेवला. शेजारच्या दालनातून गरम रश्श्याचा वास आला आणि देशोदेशींचे हात भराभर वर गेले.

"आई, मंजूर! सगळ्या जगात!"

"होणारच," आई ताठ मानेने म्हणाली. "आता वाढ त्या बिचाऱ्यांना."