टोपलीतलं पिल्लू

बिबट्यानं राखणीचा कुत्रा नेला, तशा सूर्यमाळच्या येसूच्या शेळ्या उघड्यावर पडल्या. शेजारच्या रखमीकाकीची कुत्री व्यालेली, पण काकी मोठी हेकट. "पिल्लू भाकर चावाय लागल्याबिगर आयेपासून तोडायची नाय," म्हणाली. येसूला कुठला दम! जव्हारच्या बाजारात, दरबारच्या नाक्यापाशी एक फिरस्ता टोपलीभर पिल्लं घेऊन बसलेला, तेल चोळून चकचकीत केलेली. येसूनं कोंबडा देऊन एक घेतलं. सगळ्या वाटेत ते कुईसुद्धा करेना. गुणी हाय म्हणून गडी खूश.

पण घरीही ते तसंच. दूध लावलं की ओठावरून ओघळायचं. दोनचार दिवसांनी सकाळी त्याचं अंग गार लागलं.

काकी आली. तिनं पिल्लाचं तोंड उघडून बघितलं. "गेलं रं हे. दातसुद्धा फुटलं नव्हतं. घेताना आय बघितलीस का याची?"

"टोपलीत आय नव्हती."

"मग तिथनंच माघारी फिरायचं, येड्या! चल, माझ्यातलं एक ने. खातात आता भाकर."

येसू चुलीकडं बघत राहिला. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"दूध तापत ठेवलंय," तो म्हणाला. "तेवढं याला पाजतो, मग येतो."