दार कुणी फोडलं नव्हतं

आमच्या सेत्तिमियोने पोलिसांना सांगितलं की दार फोडलं. टोपी हातात धरून, साळसूद चेहऱ्याने सांगितलं. मग घरी येऊन माझ्या हातचं आतड्यांचं कालवण दोनदा वाढून घेतलं. नातवाची भूक मेली नव्हती, तेच मला आधी खुपलं.

दार कुणी फोडलं नव्हतं. मी तिथेच होते.

आमच्याकडे रोममध्ये कॉलेजची परीक्षा तोंडी असते आणि ती ऐकायला कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. नवरा तेस्ताच्चोच्या कत्तलखान्यात बैल पाडायचा, मी बाजारात काळीज-आतडी विकते. अशा घरातला पोरगा जुन्या रोमचा इतिहास आणि लॅटिन काव्य शिकतोय म्हटल्यावर मी काय घरी बसणार होते? काळा झगा चढवला, पिशवीत वाइनची बाटली टाकली आणि गेले.

त्या दिवसांत कॉलेजात एक टोळी माजली होती. जुन्या फॅसिस्टांसारखे हात ताठ वर करायचे, खरे रोमन म्हणे तेच. त्यांच्याविरुद्ध भिंतींवर कागद चिकटवायची ती सेत्तिमियोच्याच वर्गातली निवेस, आमच्या क्विरिनोची मुलगी. क्विरिनो माझ्या नवऱ्याच्या शेजारी उभा राहून कातडी सोलायचा. टोळीने आठवडाभर तिचं नाव जिन्यावर लिहिलं होतं, पुढे काय करणार तेही लिहिलं होतं. म्हणून परीक्षा सुरू होताच प्राध्यापकांनी आतून कडी लावून घेतली आणि दाराजवळ सेत्तिमियोला उभं केलं.

खुर्चीत निवेस होती. तिबेरियस ग्राकस कसा मेला, असा प्रश्न होता. पोरीने इतकं सोपं करून सांगितलं की मलाही कळलं. तो गरिबांना जमीन वाटायला निघाला, म्हणून मोठ्या घरच्या लोकांनी सभेतली बाकं मोडली, त्यांचे पाय हातात घेतले आणि त्याला ठेचला. सोबतची तीनशे माणसंही मारली. प्रेतं रातोरात टायबर नदीत फेकली. मला वाटलं, आमच्याकडे बैलालासुद्धा एका घावात मोकळं करतात.

तेवढ्यात बाहेरून हळू आवाज आला, दाराजवळच्या बाकावर होते म्हणून मलाच तो ऐकू आला. "सेत्तिमियो, अरे मी लुदोविको. एकटाच आहे, उघड."

हा लुदोविको वकिलाचा मुलगा. माझ्या टेबलावर जेवलेला. आपल्या मामाच्या शाळेत सेत्तिमियोला मास्तर म्हणून लावतो, असा शब्द त्याने दिला होता. त्याची ऊठबस कुणात आहे, हे आमच्या पोराला पक्कं ठाऊक होतं. त्याने निवेसकडे पाहिलं, आणि कडी काढली.

वीसेक जण घुसले. तोंडांना फडकी. आल्या आल्या त्यांनी खुर्च्या आपटून मोडल्या आणि पाय उपसले. पहिला फटका निवेसच्या तोंडावर बसला. तिचे दात प्राध्यापकांच्या कागदांवर पडले. ती खाली कोसळली, तरी चौघे तिच्यावर वाकून हाणत राहिले, कणीक तिंबावी तसे. प्राध्यापकांनी हात मध्ये घातला, तो मोडला. मी एकाच्या डोक्यात बाटली फोडली. तो पडला, पण दुसऱ्याने माझ्या बरगड्यांत लाथ घातली. जमिनीवर पडल्या पडल्या मला निवेसचा चेहरा दिसत होता. चाळीस वर्षं मी रक्तात हात घालते आहे, पण डावा डोळा कुठे होता ते मला ओळखता आलं नाही.

सेत्तिमियो भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला कुणी बोटही लावलं नाही.

निवेसचा डोळा गेला. जबडा तारेने बांधलाय, आणि आमची परीक्षा तर तोंडी. मी पोलिसांना लुदोविकोचं नाव सांगितलं. साहेब हसला, म्हणाला, आजीबाई, तोंडं झाकलेली होती ना, दारापाशी तुमचा नातू होता, त्याला बोलू दे. नातू काय बोलला ते सांगितलंच आहे. घरी मी रोज विचारत होते. तो म्हणायचा, आजी, तुला यातलं कळत नाही.

महिन्याने त्याची परीक्षा ठरली. मी गेले, बरोबर क्विरिनोला नेलं. तेच प्राध्यापक, हात प्लास्टरमध्ये. त्यांनी सेत्तिमियोला मुद्दाम तोच प्रश्न घातला. पोरगा घडाघडा बोलला. कोणाचा पहिला फटका, कोणाचा दुसरा, सगळं नावानिशी.

"आणि सर, लोखंड एकालाही लागलं नव्हतं," तो म्हणाला. "काही लाकडाने मेले, काही दगडांनी."

बोलताना त्याचा आवाज एकदाही अडकला नाही. शेजारी क्विरिनो टोपी पिळत होता.

प्राध्यापकांनी तीसपैकी तीस दिले. आमच्याकडे विद्यार्थ्याने हो म्हटल्याशिवाय मार्क लागत नाहीत. नको असतील तर नाकारावेत आणि पुन्हा यावं. त्यांनी विचारलं, घेता का. सेत्तिमियोने सहीसाठी पेन उचललं.

बरगड्या धरून मी उठले. सगळी खोली वळून बघायला लागली.

"पेन ठेव," मी म्हटलं. "तुझा आजोबा बैल पाडून यायचा तेव्हा कोपरापर्यंत रक्त असायचं, आणि तो ते कुणापासून लपवत नव्हता. तू न मारता माखलास आणि हात धुऊन इथे बसलास. तिच्या बापाकडे तोंड कर आणि सांग, कडी कुणी काढली, बाहेर कोण होतं. नंतर तेच चौकीत जाऊन सांग. सरांनी तीस दिले असतील, त्यांना पुस्तकातलंच विचारता येतं. मी तुला नापास केलंय, सेत्तिमियो. निवेसचा जबडा सुटून ती या खुर्चीत बसेपर्यंत तू नापासच राहशील."