सहावं पाणी

“हा विषय पुसून टाका,” नंदिनी मॅडम फलक रंगवणाऱ्या पत्रूभाऊंना म्हणाल्या.

काचपात्रांचा ट्रे घेऊन निघालेल्या बायनाबाई दारातच थांबल्या. गडचिरोलीच्या या जीवरसायनशास्त्र विभागात बावीस वर्षं त्या काच धूत होत्या. प्राध्यापकांचे संशोधनाचे विषय त्यांनी फलकावर कधी वाचले नाहीत. गरजच काय? एका सरांचा विषय बाटलीच्या गळ्याशी हिरवा चिकटायचा. नंदिनी मॅडमच्या विषयाला मोहाचा तेलकट वास यायचा. मोहाच्या बियांतली विकरं, म्हणजे एन्झाइम, असं काहीतरी होतं ते.

“काऊन पुसता, मॅडम? चांगला तं विषय आहे.”

“महिना होऊन राह्यला, बाई. विकर जिवंत असलं तं नळीत पिवळा रंग येते. एकदाही आला नाई.”

बायनाबाईंनी एक चंबू उजेडात धरला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आतल्या बाजूला थेंब अडकून होते. स्वच्छ काचेवर पाणी सरळ ओघळतं. थेंब थांबला की समजायचं, साबण राहिला. नव्या पोरांना हे त्याच तर शिकवायच्या!

मे लागल्यापासून नळ तासभरच येत होता. उन्हाळ्यात पाणी फेकणं त्यांच्या गावात पाप. म्हणून सहाऐवजी दोनच पाण्यांत त्या काच खळबळून काढत होत्या, वर स्वतःचं कौतुकही करून घेत होत्या. परवा निवृत्ती. गप्प बसल्या असत्या तर शाल-श्रीफळ ठरलेलंच होतं.

“मॅडम, विषयाची चूक नाई. माही आहे. दोनच पाण्यांत काच काढली, साबण राहिला; त्यानंच विकर मेलं असन.”

ऐकून मॅडम रागावल्या. चांगल्याच रागावल्या. “महिनाभर, बाई!” एवढं म्हणून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बायनाबाईंनी दुखरे गुडघे घेऊन अंगणातल्या हातपंपावरून चार बादल्या आणल्या. काच पुन्हा धुतली: पाच वेळा पंपाचं पाणी, सहावं प्रयोगशाळेतलं शुद्ध केलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीत हळदीसारखा पिवळा रंग उतरला. मॅडम ओरडल्याच, “पत्रूभाऊ, विषय परत लिहा!”

बायनाबाईंना इतकं बरं वाटलं की त्या पदराने डोळे पुसत हसत सुटल्या.

निरोप समारंभ झाला. त्यांच्या जागेवर अजून कोणी आलं नव्हतं. मॅडम स्वतःच मोरीशी उभ्या राहिल्या. बायनाबाई नवी शाल पांघरून, भर उन्हाळ्यात, शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या.

“किती झाले?”

“पाच, बाई.”

“मंग आणखी एक घ्या.”

मॅडमनी घेतलं, आणि चंबू उजेडात धरून बाईंच्या पुढे केला.