काही कमी नाही

प्रयोगशाळेत तिला सगळे जोडीमावशी म्हणत. पंचवीस वर्षं तिने एकच काम केलं होतं, लोकांच्या गुणसूत्रांच्या जोड्या लावायचं. रक्तातल्या पेशी तीन दिवस उबेत वाढवायच्या, त्या दुभंगायला लागल्या की ऐन मोक्याला औषध घालून तिथंच अडवायच्या, कारण एकाच्या दोन होण्याच्या बेतात असतात तेवढाच वेळ आतली गुणसूत्रं सुटीसुटी दिसतात. मग काचेवर थेंब टाकायचा, रंगवायचा, फोटो काढायचा, आणि सेहेचाळीस जणांच्या तेवीस जोड्या ओळीत बसवायच्या. शाळेत 'जोड्या लावा'ला पाच मार्क होते, इथं पगार मिळतो, असं ती म्हणायची. स्वतःची जोडी मात्र जमली नव्हती, आणि त्यावरचा विनोद दुसऱ्याने करायच्या आत ती स्वतःच करून मोकळी व्हायची.

त्या सोमवारी तिची नवी वहिनी तिच्या थोरल्या भावाला, दादाला, मनगटाला धरून घेऊन आली. लग्नाला वर्ष झालं होतं. दिवस गेले होते, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता. पण ही रडत बसणाऱ्यांतली नव्हती.

"दोघांचं रक्त घ्या," तिने खिडकीवर सांगितलं.

"माझं मागेच झालंय," दादा म्हणाला. "नॉर्मल होतं."

"मग परत नॉर्मल येईल," ती म्हणाली, आणि त्याची बाही तिनेच वर सारली.

पन्नाशीला आलेला दादा छताकडे बघत बसला. लहानपणापासून सुई बघितली की त्याला घाम फुटायचा. आतल्या दारात उभ्या असलेल्या जोडीमावशीला ठाऊक होतं, की या तपासणीसाठी त्या हाताचं रक्त आज पहिल्यांदाच निघत होतं.

आठ वर्षांपूर्वी पहिल्या वहिनीचं दोनदा असंच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त मागितलं. वहिनीने त्याच दिवशी दिलं. दादा आज-उद्या करत राहिला, आणि आई म्हणाली, "त्याला कशाला टोचताय? आमच्या मुलात काही कमी नाही." थोरल्या भावाला आणि आईला उलट बोलायची जोडीमावशीची टाप नव्हती. इकडे वहिनी रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "वन्सं, आला का हो रिपोर्ट?" ती थट्टेने वन्सं म्हणायची, पण तेव्हा तिच्या आवाजात थट्टा उरली नव्हती.

प्रयोगशाळेची एक रीत होती. पेशंटच्या रक्ताबरोबर एका धडधाकट माणसाचं रक्तही लावायचं, म्हणजे औषधं बरोबर चालतात की नाही ते कळतं. कित्येक वर्षं तो धडधाकट माणूस म्हणजे प्रयोगशाळेच्या गाडीचा ड्रायव्हर. जोडीमावशीने ड्रायव्हरच्या जोड्यांचा फोटो घेतला आणि खाली दादाचं नाव टाकलं. जे निघणार तेच आधी लिहिलं, त्यात खोटं ते काय, अशी तिने मनाची समजूत घातली. हातच्या काकणाला आरसा कशाला? दादा लहानपणापासून डोळ्यांसमोर, कधी सर्दी न झालेला.

दोघंही नॉर्मल, तेव्हा पुन्हा प्रयत्न करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वहिनीने तीनदा केला. शेवटचं पाचव्या महिन्यात गेलं, रक्त थांबेना, आणि जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. पुढे सहा महिन्यांत सोडचिठ्ठीचे कागद झाले. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि तिनेही ते फुटू दिलं. निघताना ती बॅग खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, माझा दोष तुमच्या मशीनलासुद्धा सापडू नये, इतका खोल असेल का हो?"

जोडीमावशीने तेव्हा तिची बॅग उचलून रिक्षापर्यंत नेऊन दिली होती.

गुरुवारी दादाच्या पेशी काचेवर आल्या. पाचव्या जोडीतला एक जण खालून आखूड होता, आणि तेराव्या जोडीतल्या एकाला तेवढंच शेपूट जास्त होतं. एकाचा तुकडा मोडून दुसऱ्याला चिकटलेला. तिने वीस पेशी पाहिल्या आणि वीसही पेशींत तेच. सगळा माल घरातच, फक्त जागा चुकलेली. म्हणून तर दादा ठणठणीत. पण मूल होताना बापाकडून प्रत्येक जोडीतला एकच जातो, आणि त्या वाटणीत आखूड गेला आणि शेपटीवाला मागे राहिला, की पोटातलं बाळ टिकत नाही. हे आठ वर्षांपूर्वी कळलं असतं तर डॉक्टरांनी वाट काढली असती. निदान तिसऱ्या खेपेला वहिनीला कुणी आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न करा म्हटलं नसतं.

आमच्या मुलात काही कमी नाही. आई शब्दशः खरं बोलली होती, आणि जोडीमावशीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली.

ड्रायव्हर रिटायर झाला होता, पण त्याचे फोटो कॉम्प्युटरमध्ये होतेच. एकदा केलं ते दुसऱ्यांदा करायला पाच मिनिटं पुरली असती. तिने खरा रिपोर्ट छापला आणि सही केली.

शुक्रवारी नव्या वहिनीने तो दोनदा वाचला. "ताई, हे वयाने होतं का?"

"नाही. जन्मापासून असतं."

"मग मागच्या वेळी नॉर्मल कसं आलं?"

दादा बहिणीकडे बघत होता. रक्त न देता रिपोर्ट हातात पडला, तेव्हा त्याने एक शब्द विचारला नव्हता. उलट चार माणसांत तोच कागद पुढे केला होता. "मशीन जुनं असेल तेव्हाचं," तो म्हणाला.

"मशीन हेच होतं," जोडीमावशी म्हणाली. "दादा, तू रक्त दिलंच नव्हतंस. मी दुसऱ्याचं तुझ्या नावावर घातलं. आणि ते तुला माहीत होतं."

नवी वहिनी उठली, आणि बाकावर दोघांच्या मधे ठेवलेली आपली पर्स घेऊन निघून गेली. दादा तिच्यामागे गेला नाही. तो तिथंच बसून कोपराजवळची सोमवारची चिकटपट्टी सोलत राहिला.

पहिल्या वहिनीचा नंबर बदललेला नव्हता. तिसऱ्या घंटेला तिने फोन उचलला.

"वन्सं?"

जोडीमावशीने सगळं सांगितलं. ड्रायव्हर, फोटो, पाचवी जोडी, तेरावी जोडी. दोष तुझा नव्हता, असं दोनदा म्हणाली.

मग वहिनीने विचारलं, "रक्त काढायला किती वेळ लागला हो त्यांचं?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," वहिनी म्हणाली. तिने फोन ठेवला नाही.