शिजतंय, वाढलं, झाकून ठेवलं

ग्रंथपालबाईंनी अर्धंच वाक्य लिहिलं आणि शहरभर बोंब झाली. वाचनालयाच्या वेबसाइटवर त्या "मुलांचा विभाग बंद होणार ही निव्वळ अफवा आहे" अशी सूचना टंकायला बसल्या होत्या. "मुलांचा विभाग बंद" एवढं झालं, तोवर समोर कुणीतरी पुस्तक बदलायला आलं आणि बाईंनी सवयीने 'जतन करा' दाबलं. त्या साइटवर जतन करणं म्हणजेच जगाला दाखवणं. तासाभरात सात आया दारात हजर! त्यांची समजूत काढता काढता बाईंच्या नाकी नऊ आले, आणि मग त्यांनी साइट सांभाळणाऱ्या खटपटीला फोन लावला.

खटपटी हे तिला वडिलांनी ठेवलेलं नाव. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं आणि दोन स्क्रू उरले होते, तेव्हापासूनचं. आता पस्तिशी उलटली होती, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"सोपं आहे, बाई," ती म्हणाली. "एक तयार प्लगिन मिळतं, साइटला जोडायचा छोटासा जोडभाग. नोंदींच्या साच्याला ते जोडलं की प्रत्येक नोंदीला एक स्थिती मिळते. मसुदा, प्रकाशित, संग्रहित. प्रकाशित असेल तेवढंच लोकांना दिसणार."

"शी! सरकारी पत्र आल्यासारखं वाटतं गं," बाई म्हणाल्या. "शिजतंय, वाढलं, झाकून ठेवलं, असं कर. माझ्या लक्षात राहील."

खटपटी पोट धरून हसली आणि तिने खरोखरच तीच नावं दिली. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, म्हणून सोमवारी सकाळीच प्लगिन बसवलं. ती मनातून खूश होती. काम छोटं, नेटकं आणि कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाचं, असं तिला फार आवडायचं.

दुपारी घरी जेवताना तिने वडिलांपुढेही विषय काढला. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. लोकांच्या काना-मात्रा डोळ्यांत तेल घालून तपासल्या. स्वतःही छान लिहायचे, पण आई गेल्यापासून दीड वर्षात त्यांनी कागदावर एक ओळ उमटवली नव्हती. बाईंनी साइटवर लिहायला त्यांना खातं काढून दिलं होतं, तेही तसंच पडून होतं. खटपटीच्या जिवाला त्याचा घोर होता. आयुष्यभर शब्दांत वावरलेला माणूस असा मुका झालेला तिला बघवत नव्हता.

"आता तुम्ही तिथे काहीही लिहा, बाबा. 'शिजतंय' ठेवलं की कुणाला दिसणार नाही."

"तुलासुद्धा?"

"मी बघणार नाही. शब्द देते."

बाबांनी मान डोलावली आणि ताट उचललं.

मंगळवारी सकाळी नऊला बाईंचा फोन आला. "अगं, साइटवर काहीच नाही! सगळ्या नोंदी गेल्या!"

खटपटीने साइट उघडून पाहिली. मग चूक लक्षात आली आणि तिने कपाळाला हात लावला. नवी स्थिती जोडली की जुन्या नोंदींना आपोआप यादीतली पहिलीच स्थिती मिळते, आणि यादीत पहिलं होतं 'शिजतंय'. अकराशे नोंदी एका झटक्यात पुन्हा चुलीवर चढल्या होत्या! तिने घाईघाईने एका ओळीची आज्ञा लिहिली: जे जे शिजतंय, ते ते वाढलं. बटण दाबलं, साइट परत भरली आणि तिच्या जिवात जीव आला.

अकरा वाजता बाईंचा पुन्हा फोन. आवाज भरून आलेला. "तुझ्या बाबांनी आईवर काय लिहिलंय गं! चौदा जणांनी वाचलं इतक्यात. मी रडले बघ. एक शुद्धलेखनाची चूक राहिली होती, ती तेवढी केली दुरुस्त."

खटपटीने फोन खाली ठेवला. म्हणजे बाबा काल लिहायला बसले होते. दीड वर्षांनी. आणि तिच्या त्या एका ओळीने तेही सगळ्यांच्या ताटात गेलं होतं. तिने न वाचता ती नोंद शोधून 'झाकून ठेवलं' केली आणि सायकल काढली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच होतं: आता ते पुन्हा कधीच लिहिणार नाहीत, आणि त्याला कारण मी.

बाबा स्वयंपाकघराच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते. चेहरा लाल. तिने दारातच सगळं सांगून टाकलं, एक शब्द न लपवता. "मी शब्द दिला होता, बाबा. मी मोडला. लोकांना आता दिसत नाहीये, पण चौदा जणांनी वाचलंय."

"ते वाचू देत गं," बाबा म्हणाले. "हे कुणी केलं, ते सांग!"

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. आता वाचणं भाग होतं. आई नर्स होती, तिच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. दोघांची गाठ पडायची नाही म्हणून ती दारावर चिठ्ठ्या चिकटवून जायची. बाबांनी पहिलीच चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली होती: "दूध तापवलंय. उतू गेलं तर मी जबाबदार नाही."

"बरोबर तर आहे," खटपटी म्हणाली.

"तेच चुकलंय! दीर्घ केलंय! तुझ्या आईने जन्मात कधी दूध दीर्घ लिहिलं नाही. ऱ्हस्वच लिहायची. लग्न झालं त्या आठवड्यात पहिली चिठ्ठी आली, मी लाल पेन काढलं, टोपण उघडलं..." बाबा थांबले. "आणि परत लावलं. चाळीस वर्षं जगाच्या चुका काढल्या मी. ही एक ठेवली होती."

खटपटीला हसू आणि रडू एकदमच आलं. "बाईंना वाटलं, तुमची नजरचूक झाली."

"माझी? नजरचूक?" बाबांना जे लागलं ते हे. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, एका बोटाने दीर्घ उकार खोडला आणि ऱ्हस्व घातला. मग पूर्ण नोंद ओळीवर बोट ठेवून वाचली, एक स्वल्पविराम हलवला, पुन्हा वाचली.

"राहू दे झाकलेलंच?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी तीन नावांची यादी उघडली, 'वाढलं'वर बोट नेलं आणि दाबलं. मग तिच्याकडे हात पुढे केला. "फोन दे. बाईंना सांगतो, त्या दुधाला कुणी हात लावायचा नाही. आणि अजून बऱ्याच चिठ्ठ्या आहेत म्हणावं, सगळ्या ऱ्हस्वच येतील."